बाहेर ६ अंश, तरी आउटडोअरवर बर्फ कसा धरतो?

डिसेंबर-जानेवारीत मोजक्याच रात्री अशा येतात की विदर्भात पारा ५-६ अंशांवर उतरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. उघड्या शिवारातल्या वस्तीवर शहरापेक्षा गारठा आणखी झोंबतो. ज्यांच्या घरी गरम-थंड एसी किंवा पाणी तापवणारा हीट पंप आहे, त्यांना अशा पहाटे एक दृश्य हमखास दिसतं. भिंतीबाहेरच्या डब्याची, म्हणजे आउटडोअरची, जाळी पांढरीफटक, पंखा थांबलेला, खोलीत गरम हवा येणं बंद, आणि थोड्या वेळाने त्या डब्यातून धुरासारखे लोट. मशीन जळालं असं वाटून माणूस मेन स्विच पाडायला धावतो. तसं करू नका. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. मशीन आपल्या अंगावरचा बर्फ वितळवत असतं, आणि दिसतो तो धूर नाही, वाफ आहे.

बर्फ धरणं हा या मशीनचा दोष नाही. धरलेला बर्फ वेळेवर न जाणं, हा दोष. हे दोन्ही वेगळे ओळखता आले की निम्मे फोन आणि निम्मा खर्च वाचतो.

हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रीज समजा. फ्रीज आतल्या भाजीतली उष्णता उपसतो आणि मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यातून स्वयंपाकघरात सोडतो; तिथे हात लावला की कोमट लागतं ते त्यामुळेच. हीट पंप हेच काम बाहेरच्या हवेवर करतो. आता ६ अंशांच्या हवेत उष्णता कुठून आली? आपल्याला ती गार लागते, पण नळीतल्या गॅसला ती गरमच असते. हल्लीच्या एसीत जो आर-३२ गॅस असतो, तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांवर उकळतो. मशीन नळीतला दाब असा राखतं की हा गॅस बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश खाली उकळत राहावा. बाहेर ६ अंश असतील, तर जाळीतला गॅस साधारण उणे २ ते उणे ४ अंशांवर उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो चांगला तापतो, आणि ती ऊब खोलीत किंवा पाण्याच्या टाकीत जाते. १ युनिट वीज खर्चून ३ युनिटांच्या आसपास उष्णता मिळते ती अशी. वीज उष्णता तयार करण्यावर खर्च होत नाही, ती वाहून आणण्यावर होते.

बर्फाचं मूळ याच हिशेबात आहे. हवा शून्याच्या वर असली तरी जाळी शून्याच्या खाली आहे. थंड पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून पाणी सुटतं, ते हवेतलं बाष्प असतं. तोच तांब्या शून्याखाली असता, तर सुटलेलं पाणी तिथंच गोठलं असतं. आउटडोअरच्या जाळीवर नेमकं हेच घडतं.

पण प्रत्येक थंड रात्री बर्फ धरत नाही. त्यासाठी जाळी शून्याखाली हवी, आणि हवेत पुरेसा ओलावाही हवा. ६ अंशांची हवा कोरडी असेल, म्हणजे आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असेल, तर जाळी रात्रभर कोरडी राहू शकते. तेच ६ अंश आणि वर धुवारी असेल, तर तासाभरात जाळी पांढरी होते. अवकाळी पाऊस होऊन आभाळ मोकळं झालेली रात्र, किंवा घराला लागून गव्हाला-हरभऱ्याला पाणी दिलेलं वावर, हे या मशीनसाठी सगळ्यात अवघड दिवस. सकाळी तुरीच्या पानांवर दहिवर ठिबकत असेल, तर रात्री आउटडोअरवरही ते पडलंच होतं असं समजा. फरक इतकाच, की तिथं ते गोठलं.

उलट, कडक थंडीत हा त्रास कमी होतो. ३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, ६ अंशांची सुमारे ७ ग्रॅम, आणि उणे १० अंशांची जेमतेम २ ग्रॅम. हवेत पाणीच नसेल तर बर्फ कशाचा होणार? म्हणून नॉर्वे, फिनलंडसारख्या देशांत हीट पंप व्यवस्थित चालतात. तिथंही बर्फाच्या दृष्टीने वाईट हवामान कडाक्याचं नसतं. शून्याच्या थोडं खाली ते ५-६ अंश आणि दमट, हेच वाईट. आपल्याकडच्या थंडीच्या चार रात्री नेमक्या याच पट्ट्याच्या वरच्या काठावर बसतात.

किती बर्फ धरतो याचा ढोबळ हिशेब करून पाहू. दीड टनी मशीनचा बाहेरचा पंखा तासाला २००० घनमीटर हवा ओढतो असं धरा. त्या प्रत्येक घनमीटरातून फक्त अर्धा ग्रॅम पाणी जाळीवर राहिलं, तरी तासाला १ किलो बर्फ झाला. म्हणजे रात्रभरात बादलीभर पाणी.

जाळीच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, अंतर असतं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर थर चढला की हवेची वाट निम्मी बुजते. हवा कमी झाली की गॅसला उष्णता कमी मिळते, म्हणून तो आणखी खालच्या तापमानाला उकळू लागतो. जाळी आणखी गार पडते, बर्फ आणखी वेगाने धरतो. सुरुवातीची वीस-तीस मिनिटं फारसं काही जाणवत नाही, आणि नंतर गरम हवा एकदम मंदावते, ती या चक्रामुळे.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बर्फ धरताना मशीनला उष्णता मिळते. बाष्पाचं पाणी होताना आणि पाण्याचा बर्फ होताना जी उष्णता सुटते, ती जाळीतला गॅसच घेतो. १ किलो बाष्प गोठलं की सुमारे २८३० किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिटाहून थोडी जास्त उष्णता हाती येते. तोच १ किलो बर्फ वितळवायला लागतात ३३४ किलोज्यूल, युनिटाचा जेमतेम अकरावा भाग. म्हणजे बर्फ वितळवण्याची वीज हा खरा तोटाच नाही. तोटा आहे तो कोंडलेल्या हवेचा, आणि वितळवताना खोली गरम करण्याचं काम थांबतं त्या मिनिटांचा. म्हणून बर्फ धरूच नये याच्या खटपटीपेक्षा तो लवकर आणि पूर्ण उतरावा याकडे लक्ष देणं फायद्याचं.

मशीन बर्फ कसा उतरवतं

आउटडोअरच्या आत, कॉम्प्रेसरच्या वर, पितळी नळकांड्यासारखा एक भाग असतो. एका बाजूला एक नळी, दुसऱ्या बाजूला तीन. मिस्त्री त्याला फोर-वे व्हॉल्व्ह म्हणतात. गॅसने कुठल्या दिशेने जायचं ते हा ठरवतो. याच्यामुळेच एकच मशीन उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देतं. नुसत्या थंडच्या एसीत तो नसतो, म्हणून साधा एसी ‘सेटिंग बदलून’ गरम करता येत नाही.

जाळीच्या नळीला चिकटवलेला सेन्सर तिचं तापमान सतत सांगत असतो. जाळी ठरावीक मर्यादेखाली गेली आणि तशी राहून काही वेळ उलटला, की पीसीबी, म्हणजे मशीनचा कंट्रोल बोर्ड, बर्फ वितळवण्याचा हुकूम देतो. जुन्या आणि स्वस्त मशीनमध्ये तापमान आणि वेळ एवढंच पाहतात. चांगल्या मशीनमध्ये बाहेरची हवा आणि जाळी यांतला फरक किती वाढला तेही पाहतात, त्यामुळे विनाकारण वितळवणी होत नाही. हुकूम झाला की आधी कॉम्प्रेसर मंदावतो किंवा थांबतो. मग फोर-वे व्हॉल्व्ह पलटतो. ‘फुस्स’ असा मोठा आवाज येतो तो हाच. बाहेरचा पंखा बंद होतो, कारण आता जाळी तापवायची आहे आणि वारा ती गार करेल. आतला पंखाही थांबतो, नाहीतर अंगावर थंड हवा येईल. कॉम्प्रेसर पुन्हा जोर धरतो आणि तापलेला गॅस थेट बाहेरच्या जाळीत जातो. बर्फ पात्यांना टेकलेल्या बाजूने सुटतो, पाणी खाली गळतं, ओल्या गरम जाळीवरून वाफ उठते. जाळी शून्याच्या बरीच वर, साधारण १०-१५ अंशांपर्यंत आली, की सेन्सर ‘झालं’ असं सांगतो. व्हॉल्व्ह परत पलटतो, बाहेरचा पंखा उरलेलं पाणी झटकतो, आणि आतली नळी तापल्यावरच आतला पंखा सुरू होतो.

हे सगळं ३ ते १० मिनिटांत उरकतं. दमट पहाटे ते दर पाऊण-एक तासाला होऊ शकतं. काही कंपन्यांच्या पडद्यावर तेवढा वेळ ‘डीएफ’ (डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ वितळवणी) अशी अक्षरं दिसतात, काहींचा दिवा लुकलुकतो. या वेळात रिमोटची बटणं दाबू नका आणि स्विच पाडू नका. अर्धवट थांबवलं तर अर्धा वितळलेला बर्फ खाली सरकतो आणि तळाशी दगडासारखा गोठतो. मग पुढच्या वेळी त्याला वितळायला दुप्पट वेळ लागतो. वीज गेली तर इलाज नाही. ती आली की बहुतेक मशीन कॉम्प्रेसरला साधारण ३ मिनिटं विसावा देऊन आपोआप सुरू होतात.

बर्फ कमी धरावा म्हणून रिमोटवर करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे: ३० अंश लावू नका. ३० लावल्याने खोली लवकर तापत नाही, वेग कमी-जास्त करू शकणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने मात्र धावत राहतो, आणि जितका जोर तितकी बाहेरची जाळी गार. २०-२२ वर ठेवलं आणि झोपण्याआधी तासभर लावलं, तर मशीन संथ चालतं आणि जाळी पुष्कळदा शून्याच्या वरच राहते.

पाण्यासाठी हीट पंप असेल तर दुपार हेच औषध

वसतिगृह, दूध संकलन केंद्र, चिखलदऱ्यासारख्या ठिकाणचं लॉज, किंवा मोठं एकत्र कुटुंब. खोली गरम करण्यापेक्षा अंघोळीचं पाणी तापवण्यासाठीच विदर्भात हीट पंप जास्त पटतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोलीला ऊब लागते ती वर्षातून फार तर सहा-आठ आठवडे. गरम पाणी त्याहून बरेच दिवस लागतं.

आणि इथे आपलं हवामान आपल्या बाजूचं आहे. ज्या दिवशी पहाटे ७ अंश असतात, त्याच दिवशी दुपारी २६-२८ अंश ऊन असतं. १०० लिटर पाणी १८ वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ३.१ युनिट उष्णता लागते. साधा गिझर तेवढी वीज खाणारच. हीट पंप पहाटे ५ वाजता चालवला, तर बर्फ धरत-वितळवत तो सव्वा युनिटाच्या आसपास घेईल. तोच दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान चालवला तर १ युनिटाच्या आत काम होतं, आणि जाळीवर बर्फाचा कणही येत नाही. चांगलं अस्तर असलेल्या टाकीत हे पाणी सकाळपर्यंत काही अंशच उतरतं, म्हणून ते ४-५ अंश जास्त तापवून ठेवायचं. मशीनला टायमर असतोच. बसवणारा माणूस तो बहुतेक वेळा पहाटेचा लावून जातो. पहिल्याच दिवशी दुपारचा करून घ्या.

जागा, पाणी आणि कुटार

बर्फाचं पाणी कुठे जाणार हा प्रश्न बसवतानाच विचारायचा. थंडच्या एसीचं पाणी घरातल्या युनिटमधून निघतं. गरमच्या वेळी ते बाहेरच्या डब्यातून निघतं. आउटडोअर अंगणात जमिनीवरच ठेवला, तर खाली चिखल होतो आणि तळाची भोकं बुजतात. जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच स्टँड हवा, डबा समपातळीत हवा, आणि तळाच्या पत्र्याची भोकं मोकळी हवीत. पायरीच्या किंवा येण्याजाण्याच्या वाटेच्या वर तो लावू नका. मागे एक वीत जागा आणि पुढे निदान दोन-तीन फूट मोकळं ठेवा; किती जागा हवी ते मशीनसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळा. थंडीपासून जपायचं म्हणून डब्याभोवती ताडपत्री किंवा पोतं गुंडाळणं ही सर्रास होणारी चूक आहे. ज्या हवेतून उष्णता घ्यायची, तिचीच वाट अडते.

आपल्याकडे खरा शत्रू धूळ आहे. सोयाबीनची मळणी ऑक्टोबरात, कापूस वेचणी तिथून पुढे, तुरीची मळणी जानेवारीच्या सुमारास. म्हणजे थंडीच्या आधी आणि थंडीतच कुटाराचा भुसा आणि कापसाचे तंतू उडत असतात, आणि बाहेरचा पंखा ते सगळं जाळीत ओढतो. मळलेल्या जाळीला हवा कमी मिळते, म्हणून ती स्वच्छ जाळीपेक्षा काही अंश जास्त गार पडते. स्वच्छ जाळी ८ अंशांच्या रात्री शून्याच्या वर राहिली असती, तर मळलेली गोठते. शिवाय तंतूंना धरून बर्फ चटकन वाढतो.

साफ करायला फार काही लागत नाही. मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा. जाळीला पंख्याच्या मागून हवा आत जाते, त्यामुळे कचरा बाहेरच्या बाजूला चिकटलेला असतो. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने, म्हणजे वर-खाली फिरवा. आडवा फिरवला तर पाती दुमडतात. मग साध्या नळीचं हलकं पाणी सोडा. मोटरसायकल धुण्याचा जोराचा फवारा नको, त्याने पाती लोळतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मळणीच्या हंगामानंतर एकदा आणि मध्य-डिसेंबरात एकदा एवढं पुरे. आउटडोअर गोठ्याच्या भिंतीला असेल तर तो हलवलेला बरा. मूत्र-शेणातून निघणारा अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो, आणि गळती सुरू झाल्यावर पैसा पाण्यात.

घरातल्या फ्रीजचा बर्फ हा याच कुळातला. एकदरवाजी साध्या फ्रीजला वितळवणी आपण करायची असते: बर्फ ५-६ मिलिमीटरचा झाला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं, किंवा रात्री प्लग काढून दार उघडं ठेवायचं. सुरी-पेचकसाने बर्फ टोचू नका. आतली नळी पातळ ॲल्युमिनियमची असते, आणि आता बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. चुकून भोक पडलंच, तर खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, कोणताही स्विच चालू-बंद करू नका. दोनदरवाजी फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हे काम जाळीखालचा हीटर करतो. तो किंवा त्याचा सेन्सर गेला की जाळी बर्फाने बंद होते आणि हवा खाली पोचत नाही. वरचा फ्रीझर गार आणि खालची भाजी मात्र सडते, ही त्याची ओळख.

बर्फ कुठे धरला ते पाहा

हीट पंपाचा दोष शोधायला बर्फाचा आकारच पुष्कळ सांगतो. सगळ्या जाळीवर सारखा, पातळ, पांढरा थर असेल आणि तो तास-दीड तासात निघून जात असेल, तर सगळं ठीक आहे.

सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच जाड बर्फ आणि बाकी जाळी कोरडी असेल, तर गॅस कमी झाला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नुसता गॅस भरून घेऊ नका. गॅस आटत नाही, तो गळतो. आधी गळती शोधून बंद करायला सांगा, नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटचे जोड साबणाच्या पाण्याने तपासायला सांगा, मग नळ्या पंपाने निर्वात करून आर-३२ वजनावर भरायला सांगा. किती ग्रॅम भरायचा ते डब्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

फक्त तळाशी बर्फाची लादी साचत असेल आणि वरची जाळी साफ होत असेल, तर पाण्याची वाट बुजली आहे. हे काम घरी करता येतं. मशीन बंद करून कोमट पाणी सोडा आणि भोकं काडीने मोकळी करा. उकळतं पाणी नको, मीठ तर नकोच. मीठ ॲल्युमिनियमला आणि पत्र्याला खाऊन टाकतं.

सगळी जाळी बर्फात गाडली गेली आणि वितळवणी सुरूच होत नसेल, तर मिस्त्रीला तीन ठिकाणं दाखवा. एक, जाळीवरचा सेन्सर. तो नळीवरून निसटला असेल तर हवेचं तापमान सांगत बसतो. मीटरवर त्याचा रोध २५ अंशांना बहुतेक ५, १० किंवा २० किलोओहम यांपैकी कंपनीने ठरवलेला असतो, आणि गार होताना वाढत जायला हवा. दुसरं, फोर-वे व्हॉल्व्ह. त्याची चुंबकी कॉइल बहुतेक मशीनमध्ये गरमच्या वेळी चालू असते. ती जळाली तर ‘गरम’ लावूनही थंड हवाच येते. व्हॉल्व्ह मध्येच अडकला, तर धड गरमही नाही आणि धड थंडही नाही. गावात मोटरी सुरू झाल्यावर व्होल्टेज १७०-१८० वर येत असेल तर ही कॉइल नीट ओढत नाही, त्यामुळे भाग बदलण्याआधी रात्रीचं व्होल्टेज मोजून पाहावं. तिसरं, बाहेरचा पंखा. तो संथ झाला किंवा बंद पडला, तर कुठल्याही थंडीत जाळी अर्ध्या तासात गोठते.

आणि दर १५-२० मिनिटांनी वितळवणी होत असेल, तर आधी जाळी धुवा. तेवढ्याने भागलं नाही, तर गॅस आणि सेन्सर तपासून घ्या.

मिस्त्री येतो दुपारी. तोवर ऊन पडून बर्फ गेलेला असतो, आणि मशीन त्याच्यासमोर सुरळीत चालतं. म्हणून पहाटेच मोबाइलवर जाळीचे दोन फोटो काढून ठेवा, एक वितळवणीच्या आधीचा आणि एक नंतरचा. सोबत वेळ, बाहेरचं तापमान आणि त्या वेळचं व्होल्टेज लिहून ठेवा.